दर चार वर्षांनी एक पिल्लू

रवांडातील करिसिंबी आणि बिसोके या दोन ज्वालामुखी पर्वतांच्या मधल्या भागात डायन फॉसी यांनी १९६७ मध्ये करिसोके हे संशोधन केंद्र उभे केले आणि पुढची अनेक वर्षे तिथल्या पर्वतीय गोरिलांच्या मागावर घालवली. त्यांच्या रोजच्या पाहण्यातील गोरिलांमध्ये ‘पक’ नावाचा एक तरुण नर होता. नोव्हेंबर १९७८ मध्ये हा नर नुकतेच जन्मलेले पिल्लू घेऊन दिसला, तेव्हा फॉसी यांच्या तोंडून ‘इट कान्ट बी’, म्हणजे ‘हे शक्यच नाही’, असे उद्गार निघाले आणि त्या उद्गारांवरूनच पिल्लाचे नाव ‘कॅन्ट्सबी’ पडले. पक मादी आहे, हे तोवर कोणाच्याही ध्यानात आले नव्हते.

पर्वतीय गोरिलांना इतक्या जवळून ओळखणाऱ्या व्यक्तीची ही फसगत झाली, त्यामागे सबळ कारणे होती. गोरिला नराची जननेंद्रिये त्याच्या अवाढव्य देहाच्या मानाने फारच लहान असतात आणि दाट, लांब केसांत झाकलेली राहतात. चिंपांझीच्या मादीला फलनकाळात पार्श्वभागावर जी ठळक सूज येते, ती प्रौढ गोरिला मादीला येत नाही. आणि पाला, देठ, कंद खाऊन पोट बारा महिने नगाऱ्यासारखे फुगलेले असल्यामुळे गोरिला मादी गाभण आहे की नाही, हे नुसते पाहून सांगणे जवळजवळ अशक्य असते. नराच्या जननेंद्रियांच्या या आकारामागेही एक तर्क आहे. चिंपांझीच्या मादीशी एकामागून एक अनेक नरांचा संग होतो, त्यामुळे तिथे ज्याचे शुक्राणू जास्त त्याची सरशी होते. गोरिलांमध्ये स्पर्धा त्याआधीच, दंडांच्या आणि सुळ्यांच्या बळावर निकालात निघालेली असते, त्यामुळे मोठ्या वृषणांची गरजच उरत नाही.

पुढे जाण्यापूर्वी हे प्राणी नेमके कोणते, ते सांगणे आवश्यक आहे. म्हैसूरच्या प्राणिसंग्रहालयात आपल्याकडच्या अनेकांनी गोरिला पाहिलेले असतात, परंतु ते पश्चिम आफ्रिकेच्या सखल जंगलातील गोरिला होत. पर्वतीय गोरिला जगातील कोणत्याही प्राणिसंग्रहालयात नाहीत. ते फक्त दोन ठिकाणी उरले आहेत: रवांडा, युगांडा आणि काँगो यांच्या सीमा जिथे मिळतात ती विरुंगा ज्वालामुखींची रांग, आणि तिच्या उत्तरेला युगांडातील ब्विंडीचे अरण्य. त्यामुळे त्यांच्या प्रजननाविषयी जे काही ठाऊक आहे, ते कोणी पिंजऱ्याबाहेर बसून टिपलेले नाही. पावसात, चिखलात आणि खाजकुइलीलाही मागे टाकेल अशा बोचऱ्या नेटल्सच्या रानातून चालत, त्याच त्या कुटुंबांना पिढ्यान्‌पिढ्या पाहून ते गोळा केलेले आहे. प्रत्येक गोरिलाच्या नाकावरच्या सुरकुत्यांची नक्षी वेगळी असते, तिचे रेखाचित्र काढून ठेवले की प्राणी आयुष्यभर ओळखता येतो.

गोरिलांच्या नेहमीच्या कळपात एक प्रौढ नर, काही माद्या आणि त्यांची पिल्ले मिळून साधारण दहा जण असतात. प्रौढ नराच्या पाठीवरचे केस रुपेरी होतात म्हणून त्याला सिल्व्हरबॅक म्हणतात, आणि त्याचे वजन मादीच्या जवळजवळ दुप्पट असते. विरुंगामध्ये मात्र बऱ्याच कळपांत एकाहून अधिक सिल्व्हरबॅक आढळतात. ही गोष्ट आता किरकोळ वाटली, तरी पिल्लांच्या जगण्यामरण्याशी तिचा थेट संबंध आहे, आणि तो पुढे येईलच.

मादी सात-आठ वर्षांची झाली की तिचे मासिक चक्र सुरू होते. ते माणसासारखेच साधारण अठ्ठावीस दिवसांचे असते आणि त्यातील फलनाचा काळ जेमतेम एक ते तीन दिवसांचा. पहिली दोन-तीन वर्षे संग होऊनही बहुधा गर्भ राहत नाही, म्हणून पहिले पिल्लू होते तेव्हा मादी दहा वर्षांच्या आसपास असते. पुढाकार बहुतेक वेळा तिचाच असतो. गाय माजावर आली की हंबरते आणि गोठ्यातल्या माणसाला ते लगेच कळते, परंतु इथे गाजावाजा काहीच नाही. मादी रेंगाळत नराच्या दिशेने जाते, जवळ जाऊन थांबते, त्याच्याकडे टक लावून पाहते, आणि त्याने लक्ष दिले नाही तर आणखी थोडी पुढे सरकते. विणीचा असा ठरावीक हंगामही नाही. या डोंगरांवर खाण्याजोगा हिरवा पाला वर्षभर मिळतो, त्यामुळे अमुक महिन्यातच प्रसूती व्हावी असा निसर्गाचा दट्ट्या या प्राण्यावर नाही.

गर्भकाळ सुमारे साडेआठ महिन्यांचा असतो. प्रसूती बहुधा रात्री किंवा पहाटे, फांद्या आणि पाने वाकवून केलेल्या बिछान्यातच होते आणि फार लांबत नाही. मादी पिल्लाला चाटून स्वच्छ करते, अनेकदा वारही खाऊन टाकते, आणि सकाळी कळप चरायला निघाला की तीही निघते. जन्मलेले पिल्लू जेमतेम दोन किलोचे असते. आईचे वजन नव्वद-शंभर किलो असताना पिल्लू माणसाच्या बाळापेक्षाही हलके असावे, याचे मला दर वेळी नवल वाटते. जुळी क्वचितच होतात, आणि झाली तरी एकाच आईच्या दुधावर आणि एकाच आईच्या हातांवर दोघांचा निभाव लागणे कठीण असते. रवांडातील सुसा गटात २००४ मध्ये जन्मलेली जुळी भावंडे वाढून मोठी झाली, ती म्हणूनच नवलाई ठरली.

पहिल्या काही आठवड्यांत पिल्लाची पकड कमकुवत असते. आई चालताना एक हात पोटाशी धरून त्याला आधार देते आणि उरलेल्या हातापायांवर चालते, म्हणजे उतारावर आणि वेलींच्या गुंत्यात तीन अवयवांवर तोल सांभाळते. बसून खातानाही एका हाताने देठ सोलायचा आणि दुसऱ्या हाताने पिल्लू सावरायचे, हाच तिचा क्रम असतो. चार महिन्यांच्या सुमारास पिल्लू आईच्या पाठीवर बसू लागते, तोंडाला येईल ते पान चघळून पाहते आणि हातभर अंतरावर उतरून परत येते. शेपटीच्या जागी त्याला पांढऱ्या केसांचा एक झुबका असतो. काळ्याभोर आईच्या पाठीवर तो लांबूनही दिसतो, आणि तीन-चार वर्षांनी तो नाहीसा होतो.

खाणे शिकायला मात्र वेळ लागतो, आणि त्याचे कारण या प्राण्याचा आहारच आहे. झाडावरचे पिकलेले फळ तोडून खाणे सोपे असते, परंतु विरुंगाच्या उंचीवर फळे फारशी नाहीत. तिथे जे आहे, त्यातील काट्याच्या झुडपाचे देठ सोलावे लागतात, बांबूचे कोंब उकलून आतला गाभा काढावा लागतो, आणि नेटलची पाने खाजरी बाजू आत जाईल अशी दुमडून तोंडात घालावी लागतात. हे सारे पिल्लू आईच्या मांडीवर बसून, तिच्या हातांकडे बघत आणि तिच्या तोंडातून गळलेले तुकडे उचलत शिकते. दूध तुटायला तीन ते चार वर्षे लागतात. तोवर रात्रीचा बिछानाही आईचाच असतो.

या तीन-चार वर्षांवरच गोरिलांच्या समाजाचा सारा हिशेब मांडलेला आहे, असे मला वाटते. पूर्वीच्या आयाबाया ‘अंगावर पाजते आहे तोवर दिवस जात नाहीत’ असे म्हणत. माणसांच्या बाबतीत तो भरवसा अनेकींना नडलेला आहे, परंतु गोरिला मादीच्या बाबतीत तो बराचसा खरा ठरतो. पिल्लू सारखे पीत असते तोवर तिचे चक्र बंद राहते, त्यामुळे दोन प्रसूतींमधील अंतर साधारण चार वर्षांचे होते. दहाव्या वर्षी पहिलटकरीण झालेली मादी पस्तिशीपर्यंत जगली, तरी तिला सहा-सातच पिल्ले होणार. त्यांतील चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याएवढी पिल्ले तीन वर्षांची होण्याआधीच दगावतात. म्हणजे एका मादीच्या संपूर्ण आयुष्याची कमाई चार-पाच वाढलेली पिल्ले, आणि तीही सारे सुरळीत पार पडले तर.

आता हाच हिशेब एखाद्या परक्या नराच्या बाजूने पाहू. त्याला एक मादी मिळाली, परंतु तिच्या कडेवर आधीच्या नराचे सहा महिन्यांचे तान्हे आहे. ते दूध सोडेपर्यंत मादी पुन्हा गाभण राहणार नाही, आणि नराच्या भरभराटीचा काळ काही अनंत नसतो. पिल्लू मेले, तर मादीचे चक्र काही महिन्यांतच पुन्हा सुरू होते आणि साधारण वर्षभरात तिला नव्या नराचे पिल्लू होऊ शकते. गोरिलांमधील शिशुहत्येचे गणित एवढेच आहे. नराला ते मांडता येत असेल असे नाही. असे वागणाऱ्या नरांची संतती अधिक झाली आणि वागणूक टिकली, एवढाच त्याचा अर्थ. हे दृश्य आपल्याला परकेही नाही. धारवाडच्या परिसरात जपानी अभ्यासकांनी १९६० च्या दशकात वानरांच्या, म्हणजे हनुमान लंगुरांच्या, टोळ्या अभ्यासल्या, तेव्हा नव्या हुप्प्याने टोळी काबीज केल्यावर तान्ही पिल्ले मारली गेल्याच्या नोंदी त्यांनी केल्या होत्या, आणि या विषयावरच्या पुढच्या सगळ्या वादाला तिथूनच तोंड फुटले.

कळपात सिल्व्हरबॅक एकच असेल आणि तो मेला, तर माद्या पांगतात, दुसऱ्या नरांकडे जातात आणि त्यांच्या कडेवरची तान्ही पिल्ले बहुधा वाचत नाहीत. कळपात दुसरा सिल्व्हरबॅक असेल, तर तो सूत्रे हाती घेतो, माद्या जागच्या जागी राहतात आणि पिल्लांवरचे संकट टळते. एकाहून अधिक नरांचा कळप पिल्लांच्या दृष्टीने का महत्त्वाचा, ते इथे कळते. शिकाऱ्याच्या एका गोळीची किंमत एका गोरिलाएवढीच का नसते, तेही इथेच कळते. जुलै १९७८ मध्ये ‘अंकल बर्ट’ नावाच्या सिल्व्हरबॅकची शिकाऱ्यांनी हत्या केली. त्यानंतर त्याच कळपातील दुसऱ्या नराने त्याची तान्ही मुलगी मारली, तिची आई कळप सोडून गेली, आणि टायटस नावाचा चार वर्षांचा मुलगा नरांच्याच घोळक्यात मागे राहिला.

मादीच्या हाती या सगळ्यावर एक उपाय असतो, आणि तो म्हणजे निवड. अनेक माद्या पहिले पिल्लू होण्याआधीच जन्माचा कळप सोडतात आणि नंतरही काही जणी एकाहून अधिक वेळा घर बदलतात. मादी एकटी मात्र कधीच हिंडत नाही. दोन कळप किंवा एक कळप आणि एक एकांडा नर समोरासमोर आले, छाती बडवणे, झुडपे उपटणे, धावून जाणे असा गोंधळ सुरू झाला, की त्या धामधुमीत ती या बाजूची त्या बाजूला निघून जाते. नर एकमेकांवर गुरगुरत असतात आणि खरा निर्णय बाजूला मुकाट्याने घेतला जातो. अंगावर पिणारे पिल्लू असताना ती सहसा हे पाऊल उचलत नाही, त्याचे कारण वर आलेच आहे.

मादी जन्माच्याच कळपात राहिली, तर प्रमुख नर तिचा बापच असण्याची शक्यता मोठी. विष्ठेतील डीएनएवरून पितृत्व तपासल्यावर असे दिसले की, प्रमुख नरांना स्वतःच्या मुलींपासून पिल्ले झालेली नव्हती; अशा माद्यांची पिल्ले कळपातील दुसऱ्या नरांची होती. तरीही संख्या हजारो वर्षे लहान राहिल्यामुळे रक्त फार जवळचे झालेले आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात या गोरिलांच्या जनुकसंचाचा सुमारे तिसरा हिस्सा आईकडून आणि बापाकडून अगदी एकसारखाच आलेला आढळला होता.

नराचे आयुष्य उमेदवारीतच बरेच सरते. आठ ते बारा वर्षांच्या नराला ब्लॅकबॅक म्हणतात, कारण अंग भरू लागलेले असले तरी पाठ अजून काळीच असते. बाराव्या वर्षापासून ती रुपेरी होऊ लागते आणि पंधराच्या सुमारास तो पूर्ण वाढतो. त्याच्यापुढे दोनच वाटा असतात. कळप सोडून एकट्याने भटकायचे, दुसऱ्या कळपांच्या कडेकडेने राहून माद्या फोडायच्या आणि स्वतःचे बस्तान बसवायचे, यात वर्षे जातात आणि कित्येकांना ते कधीच जमत नाही. दुसरी वाट म्हणजे जन्माच्या कळपात दुय्यम नर म्हणून राहून आपली पाळी येण्याची वाट पाहायची. करिसोकेच्या अनेक नरांच्या कळपांत डीएनए तपासणी झाली, तेव्हा सुमारे ८५ टक्के पिल्ले प्रमुख नराची आणि उरलेली दुय्यम नराची निघाली. १५ टक्के हा वाटा कमी दिसतो, परंतु एकांड्या नराच्या शून्यापुढे तो बराच आहे, शिवाय कळपाचा वारसा मिळण्याची आशा असतेच.

दुपारच्या विश्रांतीच्या वेळी कळप पाहणाऱ्या कोणालाही एक दृश्य हमखास दिसते. दीडशे किलोंहून जड असा सिल्व्हरबॅक आडवा पडलेला असतो आणि दोन-चार पिल्ले त्याच्या पोटावरून घसरत, त्याचे केस ओढत, एकमेकांना ढकलत असतात. फारच झाले तर तो हाताने एखाद्याला बाजूला सारतो आणि पुन्हा डोळे मिटतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात करिसोकेच्या नोंदी तपासल्या, तेव्हा पिल्लांजवळ सर्वांत जास्त वेळ घालवणाऱ्या नरांना, अशा भानगडीत न पडणाऱ्या नरांपेक्षा पाचपटीहून अधिक संतती झालेली आढळली. विशेष म्हणजे हे नर आपली आणि परक्याची अशी पिल्ले निवडत नव्हते. त्यामुळे ‘स्वतःच्या रक्ताचे म्हणून जपतो’ हे सोपे स्पष्टीकरण इथे पुरत नाही. पिल्लांशी मायेने वागणारा नर माद्यांना अधिक पसंत पडत असावा, असा अभ्यासकांचा कयास आहे. मादीचे चार वर्षांचे गुंतवणुकीचे गणित लक्षात घेतले, तर मलाही तो पटतो.

आई नसलेल्या पिल्लांच्या बाबतीतही हेच दिसते. माकडवर्गातील अनेक जातींत आई गेली की पिल्लाचेही दिवस भरतात. करिसोकेच्या पन्नासहून अधिक वर्षांच्या नोंदींवर आधारलेल्या, २०२१ मध्ये आलेल्या अभ्यासात मात्र दोन ते आठ वर्षांच्या वयात आई गमावलेल्या गोरिलांच्या मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा वाढलेले आढळले नाही. आई गेल्यावर त्यांचा इतरांशी सहवास वाढतो, आणि सर्वांत जास्त वाढतो तो प्रमुख नराशी; कित्येक पोरकी पिल्ले रात्री त्याच्याच बिछान्यात झोपतात. वर उल्लेख केलेला टायटस मोठा होऊन कळपाचा प्रमुख झाला आणि २००९ मध्ये पस्तीस वर्षांचा होऊन वारला.

संख्येच्या बाजूने पाहिले, तर १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला विरुंगामध्ये सुमारे अडीचशेच गोरिला उरले होते. अलीकडच्या दोन गणनांमध्ये विरुंगात ६०४ आणि ब्विंडीच्या बाजूला ४५९, असे मिळून १,०६३ गोरिला मोजले गेले. फासे काढणारे पहारेकरी, रानात जाऊन उपचार करणारे पशुवैद्य आणि पर्यटनातून येणारा पैसा यांचे हे फळ असले, तरी हा आकडा गाठायला जवळजवळ चाळीस वर्षे लागली. चार वर्षांनी एक पिल्लू देणाऱ्या प्राण्याकडून याहून वेग मागता येत नाही. शिवाय जागा तेवढीच आहे. विरुंगाच्या ज्या भागाचा अभ्यास सर्वाधिक झाला, तिथे २००७ नंतर मोठे कळप फुटून लहान कळपांची संख्या वाढली, त्यांची एकमेकांशी गाठ वारंवार पडू लागली, मारामाऱ्या आणि शिशुहत्या वाढल्या, आणि तिथल्या वाढीचा वेग निम्म्यावर आला. शत्रू नाही, अन्नही भरपूर, तरीही.

माणसाशी जवळीक हीही दुधारी गोष्ट आहे. आपला साधा सर्दी-खोकला गोरिलांना न्यूमोनियापर्यंत नेऊ शकतो, म्हणून पर्यटकांना एका कळपापाशी आठ जणांच्या गटाने, तासभरच आणि अंतर राखून थांबू दिले जाते. रवांडात २००५ पासून दरवर्षी ‘क्विटा इझिना’ हा सोहळा होतो. तिथल्या भाषेत त्याचा अर्थ ‘नाव ठेवणे’ असा आहे आणि माणसांच्या बाळांच्या बारशाचीच ती जुनी रीत आहे. आदल्या काळात जन्मलेल्या गोरिलांच्या पिल्लांना त्या दिवशी जाहीरपणे नावे दिली जातात. बारसे असते, पाळणा मात्र नसतो. पिल्ले वर डोंगरावर आईच्या पाठीवर असतात.

पस्तीस ते चाळीस ही या प्राण्याची उतारवयाची वर्षे. फॉसी यांच्या काळात, १९७६ मध्ये, जन्मलेली पॉपी नावाची मादी २०१८ पर्यंत, म्हणजे बेचाळीस वर्षांची होईपर्यंत, नोंदींत होती. कॅन्ट्सबीचे आयुष्यही असेच लांबले. त्याने दोन दशकांहून अधिक काळ कळप सांभाळला, आणि २००६ च्या सुमारास त्या कळपात तब्बल पासष्ट गोरिला होते. २०१६ च्या अखेरीस तो अचानक दिसेनासा झाला, शोधूनही सापडला नाही, आणि तो मेला असेच सर्वांनी धरले. त्याचा मुलगा गिचुरासी कळपाचे पाहू लागला. जानेवारी २०१७ मध्ये म्हातारा कळपात परत आला, काही आठवडे राहिला आणि पुन्हा रानात निघून गेला. मे महिन्यात त्याचा मृतदेह सापडला, तेव्हा त्याचे वय अडतीस वर्षांचे होते.